घरगुती झॉम्बी रंगभूषा

हा लेख चालत्या प्रेताच्या रंगभूषेविषयी आहे. आनंद यादव यांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीसाठी पहा: झोंबी.

घरगुती झॉम्बी रंगभूषा म्हणजे स्वयंपाकघरात, किराणा दुकानात व औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या साहित्यातून मृत, कुजलेल्या किंवा जखमी त्वचेचा आभास निर्माण करण्याची रंगभूषापद्धती होय. हौशी नाटके, महाविद्यालयीन मूकनाट्ये, वेशभूषा स्पर्धा आणि अल्पखर्चाचे लघुपट यांत तिचा उपयोग केला जातो. रंग, पोत आणि द्रव असे तिचे तीन घटक मानले जातात. रंगाने त्वचेतील रक्त ओसरल्याचा भास होतो, पोताने त्वचा फाटल्याचा वा सुरकुतल्याचा आणि द्रवाने रक्ताचा. कोणते साहित्य टिकेल हे स्थानिक हवामानावर अवलंबून असते. त्यामुळे जळगाव व धुळे या उष्ण जिल्ह्यांत थंड प्रदेशांतील प्रचलित कृती जशाच्या तशा उपयोगी पडत नाहीत.

नाव आणि इतिहास

झॉम्बी ही कल्पना कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाच्या लोकसमजुतींतून आली. मेलेल्या माणसाला उठवून त्याच्याकडून गुलामासारखे काम करून घेतले जाते, अशी ही समजूत असून तिच्यामागे तेथील गुलामगिरीचा इतिहास आहे. विल्यम सीब्रूक यांच्या 'द मॅजिक आयलंड' (१९२९) या पुस्तकामुळे हा शब्द अमेरिकेत सर्वपरिचित झाला. त्यानंतर १९३२ मध्ये 'व्हाइट झॉम्बी' हा चित्रपट आला. जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चित्रपटाने माणसे खाणाऱ्या चालत्या प्रेतांचे आजचे रूप रूढ केले. हा चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे त्यात रक्त म्हणून चॉकलेटचे सरबत वापरण्यात आले होते. आरंभी पांढरी त्वचा आणि काळे केलेले डोळे एवढीच रंगभूषा होती. पुढे जखमांसाठी मेणाचा वापर झाला. रोमेरो यांच्याच 'डॉन ऑफ द डेड' (१९७८) मध्ये टॉम सॅव्हिनी यांनी करड्या रंगाची रंगभूषा केली. मात्र पडद्यावर ती अनेक ठिकाणी निळसर दिसते. प्रकाश आणि चित्रफीत यांमुळे रंग कसा बदलतो, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

मराठीत आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' हा डोंबिवलीच्या पार्श्वभूमीवरील चित्रपट २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. मराठीतील 'झोंबी' या शब्दाचा मूळ अर्थ झटापट किंवा कुस्ती असा असून त्याचा हैतीच्या शब्दाशी संबंध नाही.

खानदेशातील पार्श्वभूमी

चेहरा व शरीर रंगवून वेगळे रूप धारण करण्याची परंपरा खानदेशात व लगतच्या प्रदेशात जुनी आहे. सातपुड्यातील आदिवासींच्या होळी उत्सवात नवस केलेले पुरुष अंगावर राखेचे वा पांढऱ्या रंगाचे ठिपके व पट्टे काढतात, कमरेला सुके भोपळे व घुंगरू बांधतात आणि नाचतात. नंदुरबार जिल्ह्यातील काठी येथील होळी त्यासाठी प्रसिद्ध आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. सह्याद्रीच्या पट्ट्यात बोहाडा किंवा भवाडा या उत्सवात देवदेवता व राक्षस यांचे लाकडी किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून सोंगे नाचवली जातात. या परंपरांचे स्वरूप धार्मिक असून त्यांना भयरंगभूषा म्हणता येत नाही. तरीही राख, पीठ, कागदाचा लगदा व खळ यांच्या हाताळणीचे ज्ञान त्यांत पूर्वापार आढळते.

धुळ्याजवळच्या, परंतु नाशिक जिल्ह्यात असलेल्या मालेगाव येथे यंत्रमाग व्यवसायाशी संबंधित हौशी कलावंतांनी अत्यल्प खर्चात विडंबनपट तयार केले. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटामुळे त्यांची माहिती सर्वदूर पोहोचली. उपलब्ध वस्तूंतूनच चित्रीकरणाची साधने उभी करण्याची ही रीत अल्पखर्चाच्या लघुपटांना मार्गदर्शक ठरते.

मृत त्वचेचे रंग

झॉम्बी रंगभूषेत सर्वाधिक चुका रंगाच्या निवडीत होतात. मृत्यूनंतर रक्ताभिसरण थांबते आणि त्वचेची तांबूस छटा जाते. गुरुत्वाकर्षणामुळे रक्त शरीराच्या खालच्या भागात साचते व तेथील त्वचा जांभळट दिसते. कुजण्यास आरंभ झाल्यावर हिरवट छटा येते. ओठ व बुबुळे कोरडी पडतात. म्हणून एकच पांढरा रंग फासल्याने चेहरा मृत न दिसता पीठ लावल्यासारखा दिसतो.

गव्हाळ व सावळ्या त्वचेवर पांढऱ्याऐवजी त्वचेच्या मूळ रंगापेक्षा एक-दोन छटा फिकट असा करडा-हिरवट थर द्यावा लागतो. डोळ्यांच्या खोबणी, गालांखालची पोकळी, कानशिले व मानेच्या शिरांच्या बाजू यांवर तपकिरी आणि जांभळ्या रंगाचे मिश्रण पुसट करून लावतात. तेथे थेट काळा रंग लावल्यास खोलगटपणाऐवजी डाग दिसतो. गालफडे, कपाळ व हनुवटी ही उंच ठिकाणे फिकट ठेवल्यास चेहरा हाडांना चिकटल्यासारखा वाटतो. मान, कान व हात विसरल्यास संपूर्ण आभास फसतो.

साहित्य

कापूस आणि पातळ कागद: कापूस हे खानदेशातील प्रमुख पीक आहे. कापसाचे पातळ पापुद्रे किंवा टिश्यू कागदाचे तुकडे चिकटवून, सुकल्यावर टोकरून फाटलेल्या त्वचेचा पोत मिळवतात.

खळ: मैदा पाण्यात शिजवून केलेली खळ कोमट नव्हे तर पूर्ण गार झाल्यावर वापरतात. ती सौम्य असते, परंतु घामाने सुटते. गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी ती टाळावी.

पेट्रोलियम जेली व कॉर्नफ्लोअर: दोन्ही एकत्र मळून मऊ गोळा तयार होतो. तो त्वचेवर थापून, कडा पसरून मधोमध काडीने चीर पाडली की उघडी जखम दिसते. हा गोळा सुकत नसल्याने स्पर्श टाळावा लागतो.

जिलेटिन: जिलेटिन, ग्लिसरीन व पाणी समप्रमाणात घेऊन गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवतात. मिश्रण थोडे थंड झाल्यावर भाजल्याचे व्रण आणि लोंबणारी त्वचा यांसाठी ते वापरतात. प्रथम मनगटाच्या आतल्या बाजूस एक थेंब लावून उष्णता तपासणे अत्यावश्यक असते.

चायना ग्रास: समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ जिलेटिनला शाकाहारी पर्याय आहे. जिलेटिन हे जनावरांची हाडे व कातडी यांपासून तयार होते.

कपडे: जुने सुती कपडे चहाच्या पाण्यात बुडवून, घासकागदाने घासून व फाडून वापरतात. काळ्या मातीचे डाग स्वाभाविक दिसतात, मात्र मातीत धनुर्वाताचे जिवाणू असू शकत असल्याने ती खऱ्या जखमेजवळ लावू नये.

कृती

१. वापरायचे प्रत्येक साहित्य आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून २४ तास प्रतिक्रिया पाहतात.

२. चेहरा धुऊन कोरडा करतात. भुवया व केसांच्या कडांना पेट्रोलियम जेली लावतात, म्हणजे थर काढताना केस ओढले जात नाहीत.

३. जखमेची जागा शरीररचनेनुसार ठरवतात. गालफड, कपाळ व जबड्याची कड या हाडाजवळच्या जागी जखम खरी वाटते. पापण्या, नाकपुड्या व ओठांच्या आतील भाग मोकळे ठेवतात.

४. खळीचा पातळ हात, त्यावर कागद किंवा कापूस, पुन्हा खळ असे दोन-तीन थर देतात. प्रत्येक थर पंख्याच्या वाऱ्यावर सुकू देतात.

५. सुकलेला थर मधोमध फाडून कडा किंचित उचलतात. आतल्या भागात गडद लाल व तपकिरी, कडेला जांभळा आणि बाहेर पिवळट-हिरवट रंग देतात. भोवती असा मार पडल्याचा रंग नसल्यास जखम चिकटवलेली वाटते.

६. शेवटी स्पंजाच्या तुकड्याने करडे, हिरवट व तपकिरी ठिपके उमटवून खरी त्वचा आणि कृत्रिम थर यांतील सीमारेषा मिटवतात.

कृत्रिम रक्त

एक वाटी साखरेच्या गार पाकात एक चमचा कॉर्नफ्लोअर, लाल खाद्यरंग आणि पाव चमचा कोको पूड मिसळल्यास दाट रक्त तयार होते. कोकोमुळे लाल रंगातील गुलाबीपणा जातो. ताजे रक्त तेजस्वी लाल आणि वाळलेले तपकिरी असते. त्यामुळे दोन वाट्यांत दोन छटा तयार ठेवतात व जुन्या जखमेसाठी कोकोचे प्रमाण वाढवतात. नुसत्या बिटाचा रस कॅमेऱ्यात गुलाबी दिसतो. गोड रक्तावर मुंग्या, माश्या व गांधीलमाश्या येत असल्याने शेतात किंवा बागेत चित्रीकरण असल्यास ते प्रसंगाच्या अगदी आधी लावतात. खाद्यरंगाचे डाग कपड्यांवर राहतात व त्वचेवरही काही काळ टिकतात.

उष्ण हवामानातील अडचणी

जळगाव, भुसावळ व धुळे येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो. साध्या पाण्यात गोठवलेले जिलेटिन ३५ अंशांच्या आसपासच वितळू लागते. ग्लिसरीन वाढवून पाणी कमी केल्यास ते अधिक टिकते, तरीही उन्हात व घामात त्याच्या कडा सुटतात. चायना ग्रास ८५ अंशांच्या आसपास वितळत असल्याने उन्हात टिकते. परंतु ते ठिसूळ असते. तोंड व गाल हलताच त्याला तडे जातात. म्हणून ते कपाळ, मान किंवा हातासारख्या कमी हलणाऱ्या भागांसाठी योग्य ठरते.

उन्हाळ्यात कापूस-कागदाचे पातळ थर आणि रात्रीचे चित्रीकरण हा सोयीचा मार्ग असतो. चेहऱ्याचा मोठा भाग जाड थराने झाकल्यास घामाचे बाष्पीभवन अडते. जाड कपडे व सततची धावपळ यांची भर पडल्यास उष्माघाताचा धोका निर्माण होतो. कलावंताला वेळोवेळी पाणी व सावली देणे हा रंगभूषेच्या नियोजनाचाच भाग मानला पाहिजे.

प्रकाश आणि कॅमेरा

समोरून पडणारा प्रखर प्रकाश पोत सपाट करतो. बाजूने किंवा खालून दिलेल्या प्रकाशात सुरकुत्या व फाटलेल्या कडांच्या सावल्या पडतात आणि साधा कागदही मांसल दिसतो. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत दिसण्यासाठी ठळक रंग लागतात, तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर तेच रंग भडक वाटतात. चित्रीकरण अनेक दिवस चालणार असल्यास पहिल्या दिवशीच सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवतात, अन्यथा जखमेची जागा बदलते.

सुरक्षितता

घरगुती किंवा पारंपरिक म्हणजे निर्धोक, असे समीकरण नाही. जुन्या रंगमंचीय रंगभूषेतील मुर्दाडशिंग हे शिशाचे, तर हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग असून दोन्ही विषारी आहेत. काही शेंदूर व कुंकवांतही शिसे आढळते. लाकडाची राख अल्कधर्मी असल्याने ओल्या त्वचेची आग होते. होळीचे औद्योगिक रंग, तैलरंग व झटपट चिकटणारा गोंद त्वचेवर वापरू नये. द्रवरूप रबरात अमोनिया असतो व काहींना रबराची तीव्र ॲलर्जी असते. रंगीत स्पर्शभिंगे नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय वापरल्यास बुबुळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

रंगभूषा काढताना थर ओढत नाहीत. खोबरेल तेल कडांखाली मुरवून, कोमट पाण्याने भिजवून तो सोडवतात.

सामाजिक बाजू

खरी वाटणारी रंगभूषा प्रेक्षागृहात कौतुकास पात्र ठरते, पण रस्त्यावर तीच घबराटीचे कारण होऊ शकते. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ५ भिक्षुकांची हत्या केली. या घटनेचा रंगभूषेशी काहीही संबंध नव्हता. मात्र अनोळखी माणसाविषयीची भीती आणि मोबाइलवरून पसरणारी अफवा एकत्र आल्यास काय घडू शकते, हे तिने दाखवून दिले. सातपुड्याच्या काही भागांत स्त्रियांना डाकीण ठरवून छळण्याचे प्रकारही घडले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार भूत-पिशाच्चांना आवाहन करून किंवा तशी धमकी देऊन लोकांत घबराट निर्माण करणे हा गुन्हा आहे. नाटक-चित्रपटातील रंगभूषा हा या कायद्याचा विषय नाही. परंतु वस्तीत अचानक घाबरवून केलेल्या चित्रफिती कलावंतांसह इतरांनाही धोक्यात आणू शकतात.

म्हणून सार्वजनिक जागी चित्रीकरण करण्यापूर्वी ग्रामपंचायत, रहिवासी व पोलीस यांना कळवणे, घरी परतण्यापूर्वी रंगभूषा उतरवणे आणि चित्रफितीच्या आरंभी ती काल्पनिक असल्याचे लिहिणे आवश्यक ठरते. कुष्ठरोग, भाजल्याच्या जखमा किंवा आम्लहल्ल्याचे व्रण यांची हुबेहूब नक्कल करून ती भीतिदायक म्हणून दाखवल्यास अशा खुणा घेऊन जगणाऱ्या माणसांविषयीची घृणा वाढते. प्रेताच्या आभासासाठी त्याची गरजही नसते. रक्त ओसरलेला रंग, खोल गेलेले डोळे व अडखळती चाल एवढ्यानेच तो साधतो.

हे सुद्धा पहा

रंगभूषा
बोहाडा
बहुरूपी
झोंबिवली (चित्रपट)
खानदेश