सातबाऱ्यावर नांव कोणाचें, आणि मोबाइल कोणाच्या हातीं?

नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें नोव्हेंबर १९८६ मध्यें शेतकरी संघटनेच्या विद्यमानें शेतकरी महिलांचें मोठें अधिवेशन भरलें होतें, हें आमच्या वयस्क वाचकांस स्मरत असेल. शेतावर राबणारी बाई कागदावर कोठेंच नसते, ही गोष्ट त्या मांडवांत हजारों स्त्रियांसमक्ष उघडपणें बोलली गेली. पुढें शरद जोशी यांनीं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हातीं घेतला. खातेदारानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करून द्यावा, आणि ज्या गांवांत १०० खातेदार असें करतील त्या गांवास लक्ष्मीमुक्तीचें गांव म्हणावें, अशी ती योजना होती. सन १९९२ मध्यें सरकारनेंही परिपत्रक काढून पत्नीचें नांव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यास लावण्याची वाट सोपी केली. सन १९९४ मध्यें महाराष्ट्रानें, व सन २००५ मध्यें सर्व देशानें, हिंदु कुटुंबांतील कन्येस वडिलार्जित मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. आणि हा हक्क सन २००५ मध्यें वडील हयात होते कीं नव्हते यावर अवलंबून नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ११ ऑगस्ट २०२० रोजीं दिला.

म्हणजे कायद्याचें काम बरेंच झालें आहे. प्रत्यक्ष व्यवहार अजून मागेंच आहे. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेंत देशांतील १०० वहिवाटदारांत स्त्रिया सुमारें १४ निघाल्या. परंतु आज आम्हांस जें सांगावयाचें आहे तें याच्या पुढचें आहे. ज्या घरांत बाईचें नांव लागलें, त्या घरांत तरी जमिनीचा व पैशाचा अधिकार तिच्या हातीं आला काय? आमचें उत्तर असें कीं, पुष्कळ ठिकाणीं नांव तिच्याकडे आलें आणि किल्ली दुसरीकडे गेली. ती किल्ली म्हणजे मोबाइलचा नंबर होय.

पूर्वीं जमिनीची सारी हकीकत तलाठ्याच्या दप्तरांत असे. (तलाठ्यास सन २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, बोलण्यांत मात्र तलाठीच राहिला आहे.) आतां सातबारा संगणकावर आला, १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची पाहणी मोबाइलवर नोंदली जाऊं लागली, आणि पंतप्रधान किसान सन्मान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये सन २०१९ पासून थेट खात्यांत पडूं लागले. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपयेही स्त्रियांच्या खात्यांत येऊं लागले. या प्रत्येक व्यवहाराची खूण पटविण्यासाठीं बँक किंवा सरकारी खातें मोबाइलवर कांहीं आंकड्यांचा एक परवलीचा शब्द धाडतें. त्यास ओटीपी म्हणतात. ज्याच्या हातीं तो मोबाइल, त्याच्या हातीं तें खातें, असा याचा सरळ अर्थ आहे. आतां बाईच्या खात्यास जोडलेला नंबर कोणाचा असतो, हें आपल्याच घरीं पासबुक काढून पाहावें. पतीचा, थोरल्या मुलाचा, दिराचा. आणि कधीं कधीं तर ज्या दुकानांत अर्ज भरला त्या दुकानदाराचा!

समजा, निफाड तालुक्यांतील एका बाईच्या नांवें दोन एकर द्राक्षबाग आहे, आणि तिच्या खात्यास पतीचा नंबर लावलेला आहे. पति वारला. त्याचा मोबाइल कांहीं दिवस कपाटांत पडून राहिला, पैसे न भरल्यामुळें बंद झाला. बंद पडलेला नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या गिऱ्हाइकास देऊं शकते. मग या बाईच्या खात्याची जमा-खर्चाची वार्ता, आणि ओटीपीसुद्धां, कोणा अनोळखी माणसाकडे जाऊं लागते. तो सज्जन असला तर बरें. हिला मात्र आपल्या खात्यांत काय चाललें आहे याचा पत्ता नसतो. यांत कोणी मुद्दाम लबाडी केलेली नाहीं. केवळ नंबर बदलण्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

अंगठ्याचा प्रश्न तर आपल्या लोकांस नवा नाहीं. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर सन १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा झाला. त्यांत एक कलम मोठें शहाणपणाचें होतें: शेतकऱ्यानें लिहून द्यावयाचा दस्तऐवज गांवच्या निबंधकासमोर तयार व्हावा, आणि मजकूर त्यास वाचून दाखवूनच त्याची निशाणी घ्यावी. समजल्यावांचून अंगठा नाहीं, हें त्याचें तत्त्व. दीडशें वर्षांनंतर आज अंगठा पुनः व्यवहारांत आला आहे, पण वाचून दाखविणारा निबंधक समोर नाहीं. बँकेचा प्रतिनिधि लहानसें यंत्र घेऊन गांवीं येतो, आधार क्रमांक व अंगठा घेऊन पैसे देतो. तालुक्याच्या गांवीं जाण्याची एक दिवसाची मजुरी वाचते, म्हणून बायांना ही सोय फार उपयोगी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु "ठसा उमटला नाहीं, पुनः लावा" असें म्हणून दोनदां अंगठा घेतला, आणि दुसऱ्या वेळचे पैसे प्रतिनिधीच्या खिशांत गेले, अशा फसवणुकी घडलेल्या आहेत. प्रत्येक वेळीं छापील पावती मागावी; आणि पावती वाचतां येत नसेल तर निदान आंकडा तरी ओळखतां आला पाहिजे.

जमीनधारकांनीं विशेष लक्षांत ठेवावें असें यांत आणखी एक आहे. खरेदीखतावर आपला अंगठा व आधार क्रमांक दोन्ही असतात. हरियाणा व तेलंगण या राज्यांत अशा दस्तऐवजांच्या नकलांवरून ठसे उतरवून, त्यांचे रबरासारखे साचे करून, लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनीं उघडकीस आणले. सन २०२३ मध्यें आधार प्राधिकरणानें बोट जिवंत आहे कीं साचा आहे हें पाहणारी दुहेरी तपासणी सुरू केली. त्याशिवाय ज्याला त्याला आपल्या अंगठ्यास कुलूप घालण्याची सोय आधारच्या संकेतस्थळावर व त्यांच्या मोबाइलवरील अ‍ॅपमध्यें आहे, आणि ती विनामूल्य आहे. पैसे काढावयाचे तेव्हां कुलूप उघडावें, मग पुनः लावावें. पण गंमत अशी कीं, हें कुलूप लावण्यासही ओटीपी लागतो, आणि तो आधारला जोडलेल्या नंबरावरच येतो! म्हणून आम्ही पुनः पुनः त्या नंबराकडे वळतों.

अलीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर "किसान योजनेचा हप्ता अडकला आहे, ही फाइल उघडा" असा निरोप येतो. नांवाच्या शेवटीं एपीके अशीं अक्षरें असलेली फाइल उघडली कीं ती मोबाइलमध्यें ठाण मांडते, येणारे निरोप वाचते, आणि ओटीपी परस्पर चोराकडे पोंचविते. लाडकी बहीण योजनेची ओळख पडताळणी सप्टेंबर २०२५ मध्यें सुरू झाली तेव्हां त्या नांवाचीं खोटीं संकेतस्थळेंही निघालीं. चोर स्त्रियांच्या योजनांवर टपून बसतात याचें कारण उघड आहे. पैसा निश्चित येतो, आणि ज्या बाईनें आजवर बँकेचें काम स्वतः केलें नाहीं ती चार शब्दांत घाबरते.

याच पडताळणींत आणखी एक दोष दिसून आला. बाईच्या आधारबरोबर तिच्या पतीचें किंवा वडिलांचें आधारही ओटीपीनें पडताळावयाचें होतें. ज्या विधवेचे वडीलही हयात नाहींत तिनें काय करावें? पुढें अशा भगिनींसाठीं मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद देण्याची सवलत काढावी लागली. यंत्र बांधणाऱ्यानें प्रत्येक बाईच्या पाठीशीं एक पुरुष आणि त्याच्या खिशांत एक मोबाइल गृहीत धरला होता. संगणक बिचारा सांगितलें तेवढेंच करतो.

या गृहीतकांचा शास्त्रीय अभ्यासही झालेला आहे. सन २०१८ मध्यें नित्या संबाशिवन व त्यांचे सहकारी यांनीं भारत, पाकिस्तान व बांगलादेश येथील सुमारें २०० स्त्रियांकडून माहिती घेऊन एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोबाइल म्हणजे एक माणूस असें सुरक्षेचीं साधनें बनविणारे धरून चालतात. पण आपल्याकडे बाईचा मोबाइल मुलें, नवरा, सासू सर्वजण हाताळतात, आणि तो देण्याचें नाकारणें घरांत वावगें दिसतें. म्हणून स्त्रिया त्यांतूनच वाट काढतात. कोणी एखाद्या अ‍ॅपलाच कुलूप घालतात, कोणी निवडक निरोप पुसून टाकतात. या बायांस अडाणी म्हणण्यांत अर्थ नाहीं. शिकविणारानें त्यांच्या या हुषारीपासूनच आरंभ करावा.

शिक्षण हवेंच. सन २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशाच्या खेड्यांतील १०० स्त्रियांपैकीं सुमारें २५ जणींनीं, तर १०० पुरुषांपैकीं सुमारें ४९ जणांनीं, कधीं तरी इंटरनेट वापरल्याचें आढळलें. पण सभागृहांत व्याख्यान देऊन हें काम होणार नाहीं. बचतगटाच्या बैठकींत, बाईच्या स्वतःच्या मोबाइलवर, तिच्याच बोटानें बटण दाबवून घेतलें पाहिजे. शिल्लक कशी पाहावी, खोटा निरोप कसा ओळखावा, कुलूप कसें लावावें, एवढे तीन धडे पुरेत. नाशिक येथें सन १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे. शाळा सुटलेल्या बायांस शिकविण्याचा त्यांचा अनुभव मोठा आहे, त्यांच्याकडे साहाय्य मागण्यास संकोच नको.

कांहीं गृहस्थ विचारतील, "घरांत एकमेकांवर विश्वास नाहीं काय?" विश्वास आहे म्हणून आपण सातबाऱ्यावर सर्व हिस्सेदारांचीं नांवें लावावयाचें सोडीत नाहीं. मग मोबाइलच्या बाबतींतच विश्वासाची आण कां घालावी? याहून वाईट चाल अशी कीं, एखाद्या मुलीस कोणी घाणेरडा निरोप किंवा बनावट चित्र पाठविलें, कीं वडील प्रथम तिचाच मोबाइल काढून घेतात. गुन्हा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यास. मग पुढच्या वेळीं ती मुलगी घरीं सांगत नाहीं, आणि धमकावणाऱ्यास हवें असतें तें हेंच. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर स्त्रिया व मुलें यांसंबंधीं अशी तक्रार नांव न देतांही करतां येते, हें मुलींस घरांतच सांगून ठेवावें.

पैसे गेले तर १९३० या नंबरावर तत्काळ कळवावें. चोरलेली रक्कम एका खात्यांतून दुसऱ्यांत पळत असते, आणि ती वाटेंत गोठविणें पहिल्या कांहीं तासांतच साधतें. बँकेसही त्याच दिवशीं लेखी कळवून पोंच घ्यावी. गिऱ्हाइकाचा व बँकेचा दोघांचाही दोष नसतां तिसऱ्यानेंच पैसा लांबविला, आणि तीन कामाच्या दिवसांच्या आंत कळविलें, तर गिऱ्हाइकावर तोटा पडूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानें ठरविलें. लाजेनें आठ दिवस गप्प बसणाऱ्या बाईचा हा हक्क हातचा जातो. घरच्यांनीं पहिल्या दिवशीं रागावण्याचें टाळलें तर ती लवकर बोलेल.

नंबर बदलण्याचें काम अवघड नाहीं, पण तीन ठिकाणीं करावें लागतें: प्रथम आधार केंद्रांत, नंतर बँकेच्या शाखेंत, आणि शेवटीं ज्या ज्या योजनेंत नांव आहे तेथें. आधार केंद्रांत बाईनें स्वतः गेलें पाहिजे, कारण तेथें तिचाच अंगठा लागतो. बँकेंत जातांना पासबुक व आधार बरोबर न्यावें. सिमकार्डही तिच्याच नांवें घेतलेलें असावें. आमच्या सोसायट्यांच्या चिटणिसांनीं सभासद-नोंदवही उघडून स्त्री सभासदांपुढें कोणाचे नंबर लिहिले आहेत तें येत्या वार्षिक सभेपूर्वीं पाहावें, आणि जेथें एकच नंबर तीन-चार नांवांपुढें आढळेल तेथें त्या बायांस बोलावून विचारावें.