धारूरमध्ये गाडी शिकताय? आधी तास विचारा

क्लासची फी विचारण्याआधी तास विचारा. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे कारचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं, आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास. नोंद फॉर्म १५ च्या रजिस्टरला होते. बघूनच सही करा. मागच्या सीटवर बसून गेलेला वेळ त्यात धरू देऊ नका.

आपल्याकडे घाट आहे, त्यामुळे सपाट रस्त्यावरच सगळे तास घालवणं मला पटत नाही. आधी मोकळ्या चढावर सराव करा: हँडब्रेक ओढा, क्लच हळूहळू सोडा, बॉनेट किंचित उचललं की थोडी रेस द्या, मगच हँडब्रेक सोडा. मग सरांना सकाळी लवकर तेलगाव रोडच्या घाटात न्यायला सांगा. उतरताना दुसरा गिअर. न्यूट्रल कधीच नाही.

लर्निंग ६ महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट ३० दिवसांनंतर. घाई करू नका.