एका दिवसाचं शूटिंग, वर्षभराचं काम

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि नांदेड-लातुरातल्या व्हिडिओवाल्यांचा लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो. स्टुडिओची शटरं मात्र उघडीच असतात. निकाल नुकतेच लागून गेलेले असतात. लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या क्लासेसना गुणवंतांच्या मुलाखती हव्या असतात. सराफ आणि कापडवाले दसरा-दिवाळीच्या तयारीला लागलेले असतात. डाळमिलच्या मालकाला परगावच्या व्यापाऱ्याला मिल दाखवायची असते. लग्नात तयार झालेला हात या चार महिन्यांत धंद्याच्या फिल्मकडे वळतो.

कामात फरक पडतो तो इथेच. लग्नाचा व्हिडिओ आठवणीसाठी असतो, धंद्याचा व्हिडिओ काम करून घेण्यासाठी. तरीही बुकिंगच्या वेळी गिऱ्हाईक विचारतं, ‘किती मिनिटांचा होईल? ड्रोन आहे ना?’ अशी फिल्म उद्घाटनाच्या दिवशी पडद्यावर एकदा झळकते, टाळ्या घेते आणि पेनड्राइव्हमध्ये जाऊन बसते. जुना-जाणता शूटिंगवाला उलट विचारतो, ‘हे बघणार कोण, आणि बघून त्यानं काय करावं?’

हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यासाठी दादासाहेब फाळक्यांना भांडवल हवं होतं. 1912च्या सुमारास त्यांनी कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ ही मिनिटभराची फिल्म केली. छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी ती पाहिली आणि कर्ज दिलं. 3 मे 1913 रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्या मिनिटभराच्या फिल्मला मोठी गर्दी नको होती, पैसा लावणारा एक माणूस पुरेसा होता. कुणाला काय पटवायचं हे आधीच पक्कं ठरलेलं होतं.

आता तुरीच्या डाळमिलमधलं दिवसभराचं शूटिंग घ्या. मालकाला चालू मशीनसमोर उभं करून बोलायला लावलं की दृश्य झकास येतं आणि आवाज वाया जातो. म्हणून जाणता माणूस मालकाचं बोलणं ऑफिसात कॉलर माइक लावून घेतो, मशीनचा आवाज वेगळा टिपतो आणि एडिटिंगला दोन्ही जोडतो. चाळणी, रोलर, उन्हात वाळत घातलेली तूर, भरडणी, पोती भरणं, गाडीत चढवणं या प्रत्येक टप्प्याचे लांबचे, जवळचे, आडवे आणि मोबाइलसाठी उभे शॉट घेतो. मालकालाही एकच लांब भाषण करू देत नाही. माल कुठून येतो, वाळवणीला किती वेळ लागतो, पोत्यावर तक्रार आली तर काय करता, अशी सुटी उत्तरं घेतो.

या सुट्या उत्तरांतच खरी कमाई आहे. त्यातून व्यापाऱ्यासाठी तीन मिनिटांची फिल्म होते, स्टेटससाठी तीस सेकंदांचे तुकडे निघतात, नव्या कामगाराला मशीन समजावणारा व्हिडिओही होतो. शिवाय हा भाग सीमेवरचा. देगलूर, धर्माबादकडून तेलंगणात माल जातो, उदगीर, निलंग्याकडून कर्नाटकात. चित्र तेच ठेवून तेलुगू आणि कन्नड आवाज चढवला की त्याच दिवसाच्या शूटिंगवर दोन बाजारपेठा वाढतात. त्यासाठी एक पथ्य पाळावं लागतं: मराठी अक्षरं चित्रातच कायमची बसवायची नाहीत, अक्षरांविना एक प्रत वेगळी राखायची.

फुटेजचा मुद्दाही आधीच बोलून घ्यावा. कॉपीराइट कायदा, 1957च्या कलम 17नुसार मोबदला देऊन करवून घेतलेल्या फिल्मची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याची असते. पण कच्चं फुटेज हार्डडिस्कवर किती दिवस ठेवायचं आणि हाती कधी द्यायचं, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं बरं. सिनेमाचं गाणं परवानगीशिवाय मागे लावलं तर व्हिडिओ समाजमाध्यमांवरून उतरवला जाऊ शकतो, मग सगळाच खर्च पाण्यात.

क्लासवाल्यांना आणखी जपावं लागतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गुणवंताचं नाव, फोटो किंवा मनोगत वापरायचं तर त्याची लेखी संमती हवी, तीही यश मिळाल्यानंतर घेतलेली. त्यानं नेमका कोणता कोर्स केला होता, तो किती काळाचा होता, हेही सांगावं लागतं. ‘लातूर पॅटर्न’च्या गावात याचा अर्थ सरळ आहे: मुलाखत घेतानाच मुलाला कोर्सबद्दल विचारा आणि संमतीच्या कागदावर तिथेच सही घ्या. मुलगा एकदा मेडिकलला परगावी गेला की त्या सहीसाठी पुन्हा गाठणं अवघड.

भाव ठरवताना गिऱ्हाईक दिवसाच्या दरात पाचशे-हजाराची घासाघीस करतं. तोच वेळ आधी बसून प्रश्नांची यादी करण्यात घालवला तर त्याच दरात चौपट माल हाती येतो. चातुर्मासात शूटिंगवाल्यालाही बसायला वेळ असतो.