१०० कण, १७ वर्षं, ३,००० चौरस किलोमीटर

अर्जेंटिनाच्या पश्चिमेला, अँडीजच्या पायथ्याशी मालार्गुए नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या आसपासच्या ओसाड माळावर ३,००० चौरस किलोमीटरांत पाण्याच्या टाक्या मांडल्या आहेत. एकूण टाक्या १,६६०, शेजारच्या दोन टाक्यांमध्ये अंतर दीड किलोमीटर. ही पिएर ओझे वेधशाळा. अवकाशातून येणाऱ्या सर्वाधिक ऊर्जेच्या १०० कणांची यादी तिनं प्रसिद्ध केली आहे. ती यादी भरायला २००४ ते २०२० अशी १७ वर्षं लागली.

म्हणजे वर्षाला जेमतेम सहा कण. हेच दुसऱ्या टोकाकडून मोजू. एक चौरस किलोमीटर, म्हणजे २४७ एकर रान राखत बसलं, तर असा एक कण पडायला सरासरी ५०० वर्षं लागतील. एवढं थांबणं कोणाच्याच आयुष्यात बसत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी काळाच्या बदल्यात जमीन घेतली. विश्वकिरणांचा सारा अभ्यास याच सौद्यावर उभा आहे. हा सौदा शक्य कसा होतो, हे एकेका आकड्याच्या आधारानं पाहू.

५१ ज्यूल

विश्वकिरण नाव किरणांचं असलं, तरी हे कण आहेत: बहुतेक प्रोटॉन, काही हेलियम, थोडी लोखंडापर्यंतची जड अणुकेंद्रकं. व्हिक्टर हेस यांनी १९१२ साली बलूनमधून पाच किलोमीटरांहून उंच जाऊन दाखवलं, की हा मारा वरून, पृथ्वीबाहेरून होतो. त्यासाठी त्यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

कमी ऊर्जेचे कण मुबलक आहेत. वातावरणाच्या माथ्यावर प्रत्येक चौरस मीटरवर सेकंदाला एक, या हिशेबानं १०० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या (कणांच्या ऊर्जेचं हे एकक) आसपासचे कण येतात. ऊर्जा दहापट वाढली, की त्यांची संख्या ५० ते १०० पटींनी घटते. एकावर १५ शून्यांच्या थोडं पुढे गेलं, की चौरस मीटरला वर्षाला एक कण उरतो. एकावर १८ शून्यांच्या पुढे, चौरस किलोमीटरला वर्षाला एक. एकावर २० शून्यांपाशी वर सांगितलेली शतकांची प्रतीक्षा सुरू होते.

१५ ऑक्टोबर १९९१ च्या रात्री अमेरिकेतल्या युटा राज्यात ‘फ्लाइज आय’ या दुर्बिणींच्या संचानं ३२ वर १९ शून्यं इतक्या इलेक्ट्रॉन व्होल्टचा कण टिपला. ही ऊर्जा ५१ ज्यूल होते. क्रिकेटचा लेदर बॉल फिरकी गोलंदाजानं ताशी ९० किलोमीटरनं टाकला, तर त्यात एवढीच ऊर्जा असते. फरक इतकाच, की त्या चेंडूत सुमारे एकावर २६ शून्यं इतके प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. इथे ती सगळी ऊर्जा एका अणुकेंद्रकात कोंबलेली होती.

जिनिव्हाजवळचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर एका प्रोटॉनला जी ऊर्जा देतो, तिच्या सुमारे पावणेपाच कोटी पट ही ऊर्जा आहे. मात्र तुलना नीट करायला हवी. कोलायडरमध्ये दोन झोत समोरासमोर भिडतात, इथे कण हवेतल्या स्थिर अणूवर आपटतो. नवं काही घडवायला उपलब्ध होणारी ऊर्जा पाहिली, तर हा कण कोलायडरच्या ५०-६० पट पुढे ठरतो. तेवढंही माणसानं बांधलेल्या कुठल्याही यंत्राच्या आवाक्याबाहेर आहे.

तो प्रोटॉन होता असं धरलं, तर आइनस्टाइनच्या सापेक्षतेनुसार आणखी एक हिशेब निघतो. प्रकाशाबरोबर वर्षभर शर्यत लावली, तर तो फक्त ४० नॅनोमीटर मागे पडेल. आपली आकाशगंगा ओलांडायला प्रकाशाला सुमारे एक लाख वर्षं लागतात. त्या कणाच्या स्वतःच्या घड्याळात हा प्रवास नऊ-दहा सेकंदांत संपेल.

३६ दुपटी

असा कण जमिनीपर्यंत कधीच पोहोचत नाही. आपल्या डोक्यावर प्रत्येक चौरस मीटरवर दहा टन हवा आहे. तिच्या वरच्या थरांतच तो नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रकावर आपटतो. त्या टकरीतून शेकडो नवे कण निघतात, ते पुढे आपटतात, त्यांतून आणखी. इलेक्ट्रॉन गॅमा किरण देतो आणि गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. या साखळीचं, म्हणजे कणांच्या वर्षावाचं, गणित १९३७ मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणारे हेच भाभा.

त्या गणिताच्या गाभ्याशी दुप्पट होणं आहे. एकाचे दोन, दोनाचे चार, असं ३६ वेळा केलं की आकडा ६,८७१ कोटींच्या वर जातो. एकावर २० शून्यं इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा वर्षाव ऐन भरात येतो, तेव्हा त्यात साधारण इतकेच कण असतात. पहिल्या टकरीपासून जमिनीपर्यंतचा सगळा खेळ सेकंदाच्या दहा-हजाराव्या भागात आटोपतो.

ऐन भरानंतर एकेका कणाला मिळणारी ऊर्जा नवे कण घडवायला पुरेनाशी होते आणि वर्षाव ओसरू लागतो. तरीही कोट्यवधी कण खाली पोहोचतात आणि टकरींमुळे बाजूला फेकले जात काही किलोमीटर रुंदीवर पसरतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर ओझे यांनी १९३८ मध्ये ३०० मीटर अंतरावर ठेवलेले डिटेक्टर एकाच क्षणी वाजताना पाहिले, ते यामुळेच. दूरदूरचे हे ठोके एकाच कणाचे आहेत, हे त्यांनी ओळखलं आणि त्या मूळ कणाची ऊर्जा एकावर १५ शून्यं इलेक्ट्रॉन व्होल्ट असल्याचा अंदाज बांधला. त्या काळच्या माहीत असलेल्या कणांच्या मानानं हा आकडा अवाढव्य होता.

४ एकर

काळाच्या बदल्यात जमीन, हा सौदा या पसरण्यामुळेच जमतो. मूळ कण नेमका जिथे येईल, तिथे हजर असण्याची गरज नाही. त्याचा वर्षाव २०-२५ चौरस किलोमीटर झाकतो. मग दर दोन चौरस किलोमीटरला एक टाकी पुरते.

एक टाकी ३.६ मीटर व्यासाची, १.२ मीटर उंचीच्या पाण्याची, १२,००० लिटरची. सगळ्या टाक्यांचं मिळून पृष्ठफळ सुमारे १६,९०० चौरस मीटर, म्हणजे चार एकरांच्या किंचित वर. राखण मात्र सात लाख चाळीस हजार एकरांची. १९६२ मध्ये जॉन लिन्स्ली यांनी न्यू मेक्सिकोतल्या व्होल्कॅनो रँच इथे एकावर २० शून्यं ऊर्जेचा पहिला वर्षाव टिपला, तेव्हा त्यांच्याकडे १९ डिटेक्टर होते. १९९२ मध्ये जेम्स क्रोनिन आणि ॲलन वॉटसन यांनी हीच रीत अफाट मोठी करायची ठरवली, त्यातून ही वेधशाळा उभी राहिली.

टाकीतलं पाणी अतिशुद्ध आहे आणि आत पूर्ण काळोख आहे. पाण्यात प्रकाशाचा वेग पाव हिश्शानं कमी होतो, पण आत शिरणारा कण त्याहून वेगानं जात असतो. त्यामुळे निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश उमटतो आणि वर बसवलेल्या तीन फोटोमल्टिप्लायर नळ्या तो पकडतात. सौर पॅनेलवर चालणाऱ्या या टाकीला सुमारे दहा वॅट वीज पुरते. नोंद रेडिओवरून मध्यवर्ती केंद्राकडे जाते.

वर्षाव तिरका आला, तर एका टाकीला आधी लागतो, पुढच्या टाकीला नंतर. ४५ अंशांनी आलेल्या वर्षावासाठी शेजारच्या दोन टाक्यांत हा फरक जास्तीत जास्त साडेतीन मायक्रोसेकंदांचा असतो. जीपीएसच्या आधारे घड्याळं काही नॅनोसेकंदांपर्यंत जुळलेली आहेत, म्हणून कण आकाशाच्या कुठल्या बिंदूकडून आला, हे एका अंशाहून कमी चुकीनं सांगता येतं. ऊर्जा काढायला वर्षावाच्या मध्यापासून १,००० मीटरवर किती प्रकाश मिळायला हवा, हे सगळ्या टाक्यांवरून ठरवतात. या जाळ्यात एका वर्षावापासून दुसऱ्यापर्यंतचा चढउतार तिथे कमीत कमी आड येतो.

२,५०० म्यूऑन

पण ‘किती प्रकाश’ याचं माप कुठून आणायचं? ओसाड माळावर विखुरलेली प्रत्येक टाकी तपासायला रोज माणूस कसा पाठवणार? उत्तर आकाशातूनच येतं. लहान वर्षावांतून जन्मलेले म्यूऑन नावाचे कण आपल्या सगळ्यांच्या अंगातून अखंड जात असतात, तळहातातून सेकंदाला साधारण एक. टाकीतून सेकंदाला सुमारे २,५०० जातात. सरळ खाली जाणारा एक म्यूऑन किती प्रकाश देतो, तेच मापाचं एकक धरलं आहे आणि प्रत्येक टाकी त्यावरून स्वतःला सतत जुळवून घेत राहते.

सुरुवातीच्या १०० कणांच्या यादीतल्या लागोपाठच्या दोन कणांमध्ये सरासरी दोन महिन्यांचं अंतर आहे. तेवढ्यात एकट्या टाकीतून सुमारे १,३०० कोटी म्यूऑन निघून जातात. विश्वातली इतकी दुर्मिळ गोष्ट इतक्या मुबलक गोष्टीनं मोजली जाते, हे मला या वेधशाळेतलं सर्वांत सुंदर वाटतं.

टाक्यांचा आकडा पडताळणारा दुसरा साक्षीदारही आहे. वर्षाव जाताना हवेतला नायट्रोजन क्षणभर अतिनील प्रकाश देतो. जाळ्याच्या कडेच्या चार ठिकाणांवरून २७ दुर्बिणी तो पाहतात, पण फक्त चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री, म्हणजे एकूण वेळेच्या सुमारे १५ टक्के. तेवढ्या काळात दोन्हींनी पाहिलेल्या वर्षावांवरून टाक्यांच्या ऊर्जेची पट्टी आखली जाते. तरीही त्या पट्टीत १४ टक्क्यांची अनिश्चितता उरते, आणि वेधशाळा हा आकडा उघडपणे मांडते.

१३० कोटी व्होल्ट

हीच विद्या आपल्याकडे उटीत २,२०० मीटर उंचीवर वेगळ्या मापानं चालते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ग्रेप्स-३ या प्रयोगात एकेका चौरस मीटरचे ४०० डिटेक्टर फक्त आठ-आठ मीटरांवर आहेत, कारण तो तुलनेनं कमी ऊर्जेचे, दाट संख्येनं येणारे वर्षाव मोजतो. शेजारची ५६० चौरस मीटरची म्यूऑन दुर्बीण दिवसाला सुमारे ४०० कोटी म्यूऑन नोंदवते.

एवढी मोजणी असली, की अगदी बारीक घटही दिसते. एप्रिल २०११ ते डिसेंबर २०१४ या काळात त्या दुर्बिणीवर १८४ वादळांचा ठसा उमटला. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात म्यूऑनची संख्या घटली, त्यावरून ढगातला विद्युतदाब १३० कोटी व्होल्ट निघाला. त्या ढगाचं क्षेत्रफळ किमान ३८० चौरस किलोमीटर होतं. ताऱ्यांकडून येणारे कण मोजायला बसवलेल्या यंत्रानं पावसाळी ढगाच्या पोटातली वीज मोजून दिली.

६.५ टक्के

मग हे कण येतात कुठून? २०१७ मध्ये ओझे वेधशाळेनं ८ वर १८ शून्यं इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे ३०,००० हून अधिक कण आकाशाच्या नकाशावर मांडले. एका बाजूकडून ते ६.५ टक्के जास्त येतात आणि ती बाजू आकाशगंगेच्या केंद्रापासून दूर आहे. म्हणजे त्यांचे उगम आपल्या आकाशगंगेबाहेर आहेत. एवढं एक वाक्य ठामपणे लिहायला १२ वर्षांची मोजणी लागली.

नेमकी दीर्घिका दाखवणं अजून जमलेलं नाही. २७ मे २०२१ रोजी युटातल्या टेलिस्कोप ॲरे या वेधशाळेच्या ५०७ पैकी २३ डिटेक्टरांनी ‘अमातेरासू’ हा जवळपास ३९ ज्यूलचा कण टिपला. त्याच्या मागावर गेलं, तर समोर दीर्घिका जवळपास नसलेली पोकळी येते. वाटेतल्या चुंबकीय क्षेत्रांनी त्याला वळवलं असण्याची शक्यता आहे. त्यातही लोखंडाच्या केंद्रकावर प्रोटॉनच्या २६ पट विद्युतभार असतो, तेव्हा सारख्या ऊर्जेला ते केंद्रक २६ पट जास्त वळतं. कोणता कण कुठल्या जातीचा, हे कळल्याशिवाय त्याची दिशा नीट वाचता येणार नाही.

म्हणून आता ओझे वेधशाळेच्या टाक्यांवर सिंटिलेटरचे (कण शिरताच चमकणारे) पत्रे आणि रेडिओ अँटेना बसवल्या आहेत, नोंद घेण्याचा वेग तिप्पट केला आहे. इलेक्ट्रॉन आणि म्यूऑन वेगळे मोजले, की मूळ कण हलका होता की जड, हे वर्षावागणिक सांगता येईल. वर्षाला सहाच कण यायचे, त्यांची संख्या वाढवणं कोणाच्या हातात नाही. त्या सहांपैकी प्रत्येकाकडून जास्त माहिती काढून घेणं मात्र हातात आहे, आणि पुढची दहा वर्षं ही वेधशाळा नेमकं तेच करणार आहे.