जुन्या ट्रकचे थरथरते स्टेअरिंग : दुरुस्तीच्या पाच दशकांचा मागोवा

ट्रकच्या पुढच्या चाकाचा तोल दोनशे ग्रॅमने ढळला, म्हणजे टायरच्या घेरावर एकाच बाजूला तेवढे वजन जास्त झाले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला ते वजन चाकाला साधारण पाच किलोच्या जोराने बाहेर ओढते. वेग ८० झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. एकोणीस-वीस किलोवर जातो. १०.००-२० मापाचे चाक त्या वेगाला सेकंदाला सात वेळा फिरते. एक्सलला सेकंदाला सात हिसके, तेही सतत दिशा बदलणारे. जुन्या ट्रकांच्या स्टेअरिंगची दुरुस्ती कशी बदलत गेली हे कळायला हे गणित आधी ध्यानात घ्यावे लागते, कारण ट्रक बराच काळ तेच राहिले. बदलला तो त्यांचा वेग.

टाटांच्या टेल्को कंपनीने डायम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला १९५४ मध्ये ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे डॉज आणि फार्गो, हिंदुस्थान मोटर्सचे बेडफर्ड, मद्रासच्या अशोक लेलँडचे कॉमेट हे त्याच काळातले. पुढे बारा टन वजनाचा आणि शंभर अश्वशक्तीचा टाटा १२१० रस्तोरस्ती दिसू लागला. नावे निरनिराळी असली तरी पुढची बांधणी सगळ्यांची एकाच वळणाची: घडीव पोलादाचा आडवा एक्सल, त्याच्या दोन टोकांना किंगपिनवर फिरणारे स्टब एक्सल, दोन्हींना जोडणारा टायरॉड, स्टेअरिंग बॉक्सपासून निघालेला ड्रॅग लिंक आणि वर पाट्यांच्या स्प्रिंगा. पॉवर स्टेअरिंग नव्हतेच. रस्ते एकपदरी, घाट अरुंद; भरलेली गाडी दिवसभर तीस-चाळीसच्या वेगाने चाले. चाकाचा तोल ढळलेला असला तरी त्या वेगाला तो हाताला जाणवण्याइतका जोर धरत नसे. ड्रायव्हरच्या तक्रारी असत त्या स्टेअरिंग जड झाल्याच्या, गाडी डावीकडे ओढत असल्याच्या, टायर एका कडेने खाल्ला जात असल्याच्या. या तिन्ही तक्रारींचे मूळ बहुधा सांध्यांत असे. म्हणून गॅरेजमध्ये प्ले काढण्याची विद्या आधी रुजली आणि चाकाचा तोल साधणारे बॅलन्सिंग फार उशिरा आले.

प्ले म्हणजे दोन भागांमधली ढिलाई. थोडी तर हवीच; तिच्याशिवाय ग्रीसला जागा मिळत नाही. पण ती वाढली की केवढी मोठी होऊन चाकापर्यंत पोहोचते, हे नुसत्या डोळ्यांना पटत नाही. किंगपिनचे वरचे आणि खालचे बुश एकमेकांपासून वीस सेंटीमीटरवर आहेत आणि दोन्हींत अर्धा-अर्धा मिलिमीटर झीज झाली आहे असे धरले, तर टायरची वरची कड अडीच मिलिमीटर आत-बाहेर डुलते. त्यात हबच्या बेअरिंगचा प्ले, टायरॉडच्या दोन बॉल जॉइंटांचा, ड्रॅग लिंकच्या दोन टोकांचा आणि शेवटी बॉक्सचा प्ले मिळतो. एकेका ठिकाणची ढिलाई क्षम्य वाटते. बेरीज मात्र गाडी रस्त्यावर भटकू लागेल एवढी होते.

किंगपिनचे काम हे या सगळ्या विद्येचे मर्म, आणि ते लेथवाल्याच्या हातावर अवलंबून असे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा कोणत्याही मोठ्या गावाच्या वर्कशॉप गल्लीत स्टब एक्सल आणून दिला जाई. जुने बुश काढून नवे प्रेसने बसवायचे, बुशचे ग्रीसचे छिद्र निपलच्या छिद्रासमोर आणायचे, मग भोक मापात आणणारा रीमर फिरवायचा. खरी मेख इथे असते. वरचा आणि खालचा बुश आखूड रीमरने वेगवेगळा काढला तर दोन्हींच्या मध्यरेषा जुळत नाहीत. पिन तर आत जाते, पण एका कडेवर घासते, स्टेअरिंग जड होते आणि काही महिन्यांत प्ले परत येतो. लांब रीमर एका बुशमधून दुसऱ्यात एकाच ओळीत उतरवणारा कारागीर म्हणूनच शोधून काढला जाई. पिन स्वतःच्या वजनाने सावकाश खाली सरकावी आणि हाताने हलवल्यास जराही डुलू नये, ही त्याची कसोटी. उभ्या दिशेचा प्ले एक्सलचा डोळा (पिन बसते ते टोकाचे भोक) आणि स्टब यांच्यामध्ये शिम, म्हणजे पातळ चकती, घालून काढायचा; त्या चाकावर येणारे गाडीचे वजन पेलणारी थ्रस्ट बेअरिंग खालच्या बाजूला असते, तिची तबकडी उलटी बसली तर मेहनत वाया जाते.

एक्सलचा डोळाच घासून मोठा झालेला असला तर प्रश्न अवघड होई. जाड मापाची पिन मिळाली तर डोळा बोअर करून ती बसवता येते. नाही तर काही ठिकाणी डोळ्याला वेल्डिंगचा भराव दिला जाई. घडीव एक्सलला अशी आच देणे धोक्याचे आहे. आचेने पोलादाचा पोत बदलतो आणि पुढे भरल्या गाडीखाली तडा जाण्याची भीती राहते. अडचणीच्या वेळी हे केले गेले, हे समजण्यासारखे आहे; त्याचे समर्थन मात्र करता येत नाही.

ग्रीस देण्याची एक सवय याच काळात पडायला हवी होती आणि फार थोड्या ठिकाणी पडली. चाके जमिनीवर असताना निपलला गन लावली की ग्रीस सैल बाजूने बाहेर येते. जिथे वजन दाबून बसलेले आहे त्या पृष्ठभागावर ते पोहोचतच नाही. एक्सल जॅकवर उचलून, चाक दोन्हीकडे वळवत ग्रीस दिले तर तेच बुश कितीतरी जास्त टिकतात.

बॉल जॉइंटांची गोष्ट वेगळी. जुन्या ड्रॅग लिंकच्या टोकाला स्प्रिंग, वाट्या आणि आट्यांचे बूच असे. झीज झाली की बूच घट्ट करून स्प्लिट पिन घालायची आणि गाडी पुढे न्यायची. ही सोय चांगली होती, पण तिची मर्यादा ध्यानात घेतली जात नसे. बॉलची झीज बहुतेक सरळ जाण्याच्या स्थितीतच होते, म्हणून तो लंबगोल होतो. मध्याला प्ले नाहीसा होईपर्यंत बूच आवळले की वळणावर सांधा जाम होतो. मद्रासच्या राणे कंपनीने १९६० मध्ये टायरॉडची टोके देशात बनवायला घेतली. पुढे दुरुस्त करता न येणारे बंद जॉइंट रूढ झाले. सांधा खराब झाला की बदलायचा, हा नियम खर्चिक वाटला तरी त्याने पुष्कळ अनर्थ टाळले.

सर्वांत जास्त नुकसान केले ते स्टेअरिंग बॉक्सवरच्या एका स्क्रूने. तो हाताशी असतो, पाना लावला की पाच मिनिटांत स्टेअरिंगच्या चक्राचा प्ले कमी झालेला दिसतो आणि पैसेही थोडेच लागतात. खालच्या सांध्यांतला प्ले बॉक्स आवळून झाकण्याची रीत म्हणूनच पसरली. पण बॉक्सची झीजही मध्यावरच असते. मध्य घट्ट करण्याच्या नादात तो स्क्रू जास्त फिरवला की पूर्ण वळणावर बॉक्स अडखळतो, आणि वळण घेतल्यावर चाके आपोआप सरळ होत नाहीत. घाटात वळणामागून वळण घेणाऱ्या गाडीला हे जिवावरचे आहे. आधी सगळे सांधे, मग शेवटी बॉक्स, तोही चाके सरळ असताना, हा क्रम जाणत्या मिस्त्रींनी अनुभवातून पक्का केला.

चाकाकडे लक्ष वळायला वेळ लागला. त्या काळचा टायर नायलॉनचा आडव्या-तिडव्या थरांचा, आत ट्यूब आणि फ्लॅप, रिम तीन तुकड्यांची. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा नायलॉन टायर खालून चपटा होतो आणि सकाळी पहिले काही किलोमीटर स्टेअरिंग धडधडते. टायर तापला की ती धडधड जाते. हा दोष नसून नायलॉनचा स्वभाव आहे. साइड रिंग वाकडी बसलेली असणे, टायरची कड रिमवर एकसारखी न बसणे किंवा रिमची भोके नटांनी खाऊन लांबट होणे हे मात्र खरे दोष. जिथे चाक नटांच्या निमुळत्या तोंडावरच मध्यावर बसते, तिथे भोके लांबट झाली की चाक हबवर एकीकडे सरकून बसते. अशा चाकाला कितीही वजने लावली तरी ते गोल फिरत नाही. रिमोल्ड टायर मागच्या जोडचाकांना आणि नवे टायर पुढे, हा मालकांचा शिरस्ता म्हणूनच शहाणपणाचा होता.

त्या दिवसांतले हातचे बॅलन्सिंग साधे होते. एक्सल उचलायचा, ब्रेकचे शू सैल करायचे, चाकाला हलकेच गती द्यायची. जड बाजू खाली येऊन थांबते. वरच्या बिंदूला खडूची खूण करायची आणि तिथे रिमवर वजन लावून पाहायचे, ते चाक कुठेही थांबेल असे होईपर्यंत. यात स्थिर तोल साधतो. आतली आणि बाहेरची कड यांच्यातला फरक मात्र तसाच राहतो. चाक वेगाने फिरल्यावर तो त्याला डावी-उजवीकडे नाचवतो. या पद्धतीचा एक गुण आजही दुर्लक्षू नये: हब, ड्रम आणि चाक यांचा तोल एकत्र साधला जातो.

पुढे रस्ते बदलले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि सुमारे ९५ किलोमीटरचा सहापदरी काँक्रीटचा पट्टा उघडला. चार महानगरांना जोडणाऱ्या सुवर्ण चतुष्कोनाचे कामही त्याच वर्षांत चालू होते. पन्नासवर क्वचित गेलेले टाटा १२१० आणि १६१२ हे ट्रक सत्तर-ऐंशीने धावू लागले. तोवर दडलेला दोष एकदम हाताला लागला: साठ-सत्तरच्या आसपास स्टेअरिंग थरथरू लागे, वेग आणखी वाढवला की कमी होई, वेग उतरताना पुन्हा येई. ड्रायव्हर त्याला व्हॉबलिंग म्हणत. पुढच्या एक्सलची आणि स्प्रिंगांची स्वतःची एक कंपनलय असते. चाकाचे हिसके त्या लयीशी जुळले की थरथर भडकते.

महामार्गावरच्या टायर दुकानांत ट्रकच्या चाकांची बॅलन्सिंग यंत्रे आली. चाक फिरवून ती आतल्या आणि बाहेरच्या कडेला किती ग्रॅम लावायचे ते सांगतात. अनेक मालक पैसे भरून आले आणि थरथर कायम घेऊन परतले. त्याची कारणे दोन. यंत्र चाकाला मधल्या भोकावर शंकू घालून मध्यावर धरते. गाडीवर मात्र ते नटांवर बसते, ड्रमही वेगळा. दुसरे कारण मोठे होते. चाकाचा उरलासुरला हिसका टाइट सांध्यांच्या एक्सलमध्ये जिरतो, ढिल्या सांध्यांच्या एक्सलमध्ये त्याला नाचायला मोकळी जागा मिळते. तोल ढळल्याने जोर येतो, पण त्या जोराला हालचालीची मुभा प्ले देतो. दोष चाकात दिसत होता आणि बरेचदा राहत होता किंगपिनमध्ये.

यातून तपासणीचा आजचा क्रम ठरला. चाक उचलून वर-खाली धरून हलवायचे. प्ले असेल तर दुसऱ्याने ब्रेक दाबायचा. ब्रेकने प्ले गेला तर तो हबच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. बेअरिंगचा नट चाक फिरवत घट्ट करून मग थोडा सैल सोडायचा आणि स्प्लिट पिन घालायची. त्यानंतर गाडी जमिनीवर ठेवून एकाने चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचे; जिथे एक भाग हलतो आणि जोडीचा थांबतो तो सांधा बाद. स्प्रिंगांचे बसलेले पाटे, शॅकल पिन आणि यू-बोल्ट पाहायचे, कारण पाटे बसले की किंगपिनचा मागे झुकलेला कोन बदलतो आणि तो बिघडला तर थरथर वाढू शकते. मग रिम फिरवून डायल गेजने तिचा डुल पाहायचा, टायरची बसणी पाहायची, नट समोरासमोर आवळायचे. बॅलन्सिंगची पाळी त्यानंतर, आणि टो-इन, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांचा पुढच्या बाजूने आत झुकणारा किंचित कल, सगळ्यात शेवटी.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम चक्राचा मोकळा प्ले ३० अंशांपर्यंत चालवून घेतो आणि बॉल जॉइंटांना रबरी टोपणे सक्तीची करतो. पन्नास सेंटीमीटर व्यासाच्या चक्रावर ३० अंश म्हणजे कडेला तेरा सेंटीमीटर. चाळीसच्या वेगाला ते चालून जाई. ऐंशीच्या वेगाला फार आहे. टोपणाची सक्ती जास्त मोलाची: फाटलेल्या टोपणातून धूळ आणि पाणी शिरले की नवा सांधाही लवकर संपतो.

पुढे रेडियल टायर आणि पॉवर स्टेअरिंग आले. पुण्याजवळच्या वढू बुद्रुक इथली झेडएफ स्टेअरिंग गिअर ही कंपनी १९८१ मध्ये स्थापन झालेली होती. पॉवर स्टेअरिंग ट्रकमध्ये सर्रास झाले ते बऱ्याच नंतर. त्याने ड्रायव्हरचे खांदे वाचवले, हे मोठेच काम. पण तेलाचा दाब चाकाचे हिसके गिळतो, म्हणून झिजलेला सांधा हाताला कळत नाही. आधी तो टायरच्या खाल्लेल्या पट्ट्यांतून कळतो. अशा गाड्यांत ठराविक अंतराने खाली वाकून पाहण्याला पर्याय उरलेला नाही.

हे जुने ट्रक लांब पल्ल्यातून हटले तरी संपलेले नाहीत. ऊस, वाळू, विटा यांच्या वाहतुकीत ते राबतात. त्यांना नवे किंगपिन आणि बुश घातल्यावर काम एका दिवसात संपत नाही. बुश पहिल्या काही शे किलोमीटरांत आपली जागा घेतात, नट थोडे सैलावतात, टो-इन एखाद्या मिलिमीटरने सरकते. म्हणून गाडी भरलेल्या स्थितीत थरथरीच्या त्याच वेगाने चालवून पाहिली जाते, परत आणून नट आवळले जातात आणि टो-इन दुसऱ्यांदा मोजले जाते.