कोयना धरणाच्या भेगा आणि अभिकल्पाचे अध्यापन

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास वर्गात जी उदाहरणे सोडवावी लागतात, त्यांत एक वैगुण्य असते. काय गृहीत धरावयाचे हे उदाहरणातच दिलेले असते. त्यापुढील गणित तेवढे त्याने करावयाचे. वर्षानुवर्षे असा सराव झाल्यावर संहितेतील आकडा आणि प्रत्यक्ष सुरक्षितता या दोन गोष्टी त्यास एकच वाटू लागतात. उद्या त्याच्या स्वाक्षरीने बांधल्या जाणाऱ्या वास्तूखाली माणसे राहणार आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे या समजुतीचे गांभीर्य कळून येते. ही समजूत दूर करण्यास उपदेशापेक्षा एखाद्या अपयशाचा साद्यंत अभ्यास अधिक उपयोगी पडतो. यासाठी परदेशातील कोसळलेले पूलच शोधावयास हवेत असे नाही. सातारा जिल्ह्यातील कोयना धरण हे या दृष्टीने अत्यंत बोधप्रद उदाहरण होय.

11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर परिसरात सुमारे 6.3 महत्तेचा भूकंप झाला. त्यात सुमारे 180 माणसे मृत्युमुखी पडली व कोयनानगर उद्ध्वस्त झाले. त्या वेळी जलाशय बहुतांशी भरलेला होता. धरण फुटले नाही. परंतु सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांना, माथ्यापासून बऱ्याच खाली, पाण्याकडील व पायथ्याकडील अशा दोन्ही अंगांस आडव्या भेगा पडल्या. आता आपला प्रश्न असा की, भेगा नेमक्या तेथेच का पडल्या?

धरणाच्या सर्वांत उंच खंडाचा छेद पाहू. उंची 103 मीटर, पायाची रुंदी सुमारे 70 मीटर व माथ्याची 14.8 मीटर. पायथ्याकडील उतार पायापासून 66.5 मीटर उंचीवर एकाएकी बदलतो. तेथे छेदाची रुंदी सुमारे 19 मीटर आहे. बांधकाम चालू असतानाच धरणाच्या उंचीविषयीच्या निर्णयात बदल झाला, त्यातून हा आकार आला. या स्थानास आपण सोयीसाठी ‘मान’ म्हणू. भेगा पडल्या त्या या मानेच्या आसपास.

मूळ अभिकल्पात भूकंपाचा विचार केलेलाच नव्हता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्या काळच्या रूढ पद्धतीप्रमाणे धरणाच्या वजनाच्या 0.05 पट एवढे आडवे बल सर्व उंचीवर सारख्या प्रमाणात गृहीत धरले होते. दख्खनचे पठार त्या वेळी जवळजवळ भूकंपमुक्त मानले जात असल्याने हा आकडा सावधपणाचाच वाटावा असा होता. मानेवरील 36.5 मीटर उंचीच्या भागाचे स्थूल गणित कोणीही विद्यार्थी अर्ध्या तासात करू शकेल. स्वभारामुळे मानेच्या छेदावर दर चौरस सेंटिमीटरास सरासरी सुमारे 8 किलोग्रॅम दाब येतो. पाण्याच्या रेट्यामुळे निर्माण होणाऱ्या नमनाने कडेवर सुमारे 4 व 0.05 या गुणांकाच्या भूकंपबलाने आणखी सुमारे 2 किलोग्रॅम ताण येतो. दोन्ही मिळूनही दाबाहून कमीच. अर्थात छेदात कोठेही ताण नाही व अभिकल्प निर्दोष ठरतो.

आता दुसरा आकडा पाहावा. धरणातील निरीक्षण-बोगद्यात बसविलेल्या त्वरणलेखकाने त्या पहाटे प्रवाहाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या 0.49 पट एवढे महत्तम त्वरण नोंदविले. वरील गणितात 0.05 च्या जागी 0.49 घातल्यास केवळ भूकंपामुळे येणारा ताण 2 ऐवजी सुमारे 22 किलोग्रॅम होतो आणि स्वभाराचा दाब त्यापुढे अपुरा पडतो.

येथे पुष्कळ विद्यार्थी थांबतात व ‘गुणांक कमी धरला, तो वाढवावा’ असा निष्कर्ष काढतात. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे, आणि अध्यापकाचे खरे कार्य येथूनच सुरू होते. सर्व उंचीवर सारखा गुणांक धरणे म्हणजे धरण हा एक ताठर ठोकळा असून तो जमिनीबरोबर जशाच्या तसा हलतो, असे मानणे होय. वस्तुतः धरण लवचिक असते. कोयनेच्या उंच खंडाचा नैसर्गिक आवर्तकाल सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांश आहे व भूकंपाच्या कंपनांत या आवर्तकालाची कंपने असतातच. त्यामुळे पायाजवळचे त्वरण माथ्याकडे जाताना अनेक पटींनी वाढते. मानेवरील भागास बसणारा हिसका यामुळेच वर काढलेल्या 22 या आकड्याहूनही मोठा असतो. जुन्या पद्धतीत केवळ गुणांक वाढविला असता, तर पाया विनाकारण रुंद झाला असता आणि मान मात्र तुलनेने दुर्बलच राहिली असती. चूक आकड्यात होती, तशीच ती कल्पनेतही होती.

याची साक्ष त्याच धरणात मिळते. सांडव्याच्या खंडांचा छेद निराळा आहे. त्यात अशी मान नाही. भूकंप तोच, जलाशय तोच, बांधकामही त्याच प्रकारचे. पण सांडव्याच्या खंडांना तशा भेगा पडल्या नाहीत. प्रयोगशाळेत मुद्दाम योजूनही अशी तुलना क्वचितच साधली असती.

या अनुभवातून पुढे बरेच काही निष्पन्न झाले. भेगा रेझिनने भरण्यात आल्या, वरच्या भागात पूर्वताणित केबली बसविल्या आणि नंतर उंच खंडांना पायथ्याच्या बाजूने काँक्रीटचे आधारस्तंभ जोडण्यात आले. 1970 च्या सुधारित भारतीय मानकात देशाच्या भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला व कोयना परिसर वरच्या क्षेत्रात गेला. मानकाच्या 1984 च्या आवृत्तीत 100 मीटरपर्यंतच्या धरणांसाठी गुणांक माथ्याशी दीडपट व पायाशी शून्य असा बदलता धरण्याची तरतूद आहे. त्याहून उंच धरणांसाठी गतिकीय विश्लेषण सांगितले आहे. उतारात एकाएकी बदल करू नये आणि माथ्यावर अनावश्यक वस्तुमान ठेवू नये, हे धडेही येथूनच मिळाले. आज जगात कोठेही काँक्रीटच्या धरणातील भेगांचे नवे गणिती प्रतिमान तयार झाले की ते बहुधा प्रथम कोयनेच्या छेदावर पडताळून पाहिले जाते.

वर्गात हे उदाहरण शिकविताना क्रम महत्त्वाचा आहे. भेगांची गोष्ट प्रथम सांगू नये. विद्यार्थ्यास छेद व जुना गुणांक द्यावा, धरण सुरक्षित आहे असे त्याच्याच हातून सिद्ध करवून घ्यावे व त्याखाली त्याची स्वाक्षरीही घ्यावी. मग त्वरणलेखकाची नोंद त्याच्यासमोर ठेवावी. असे केल्याने दोन गोष्टी साधतात. पूर्वसूरी अज्ञानी होते, हा पश्चात्‌बुद्धीचा अहंकार उरत नाही. कारण तीच चूक आपणही नुकतीच केली, हे त्याला दिसते. दुसरे असे की, दोष गणितात नसून गणिताआधीच्या वाक्यात होता, हे त्याला कायमचे उमगते. शेवटी त्यास एकच प्रश्न विचारावा: ‘आज तुम्ही जी संहिता वापरता, तिच्यातील कोणते वाक्य अद्याप कसोटीला लागलेले नाही?’

उभी असलेली वास्तू आपल्या गृहीतकांविषयी फारसे काही सांगत नाही. ती बरोबर असल्यामुळे उभी आहे की कसोटीचा प्रसंगच आला नाही म्हणून, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. कोयना धरण 1963 साली जसे होते, तसेच ते भूकंपाच्या आदल्या सायंकाळीही निर्दोष दिसत होते. भेगांनी जे शिकविले ते शिकण्याची किंमत कोयनेच्या खोऱ्यातील लोकांनी मोजली आहे. ते ज्ञान पुढील पिढीच्या अभियंत्यांपर्यंत नीट पोहोचविणे, हे आपल्या विभागांचे किमान ऋण आहे.