खिशातला कांदा आणि अंगावरचा घाम

मार्च संपत आला की नागपुरात दोन गोष्टी बाहेर निघतात: माळ्यावरचा कूलर आणि टोपलीतला कांदा. कूलरबद्दल माझी तक्रार नाही. कांद्याबद्दल आहे, कारण तो टोपलीतून थेट शर्टाच्या खिशात जातो. "खिशात कांदा ठेव, ऊन लागत नाही" हे वाक्य मी कॉटन मार्केटमध्ये गोणी उचलणाऱ्याकडून ऐकलंय आणि लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्या इंजिनिअरकडूनही ऐकलंय. शंका काढली की पहिलं उत्तर येतं, "आमचे आजोबा जिंदगीभर कांदा ठेवून वावरात गेले, काई नाही झालं बाप्पा." आजोबांचा मान राखून गप्प बसावं, तर दुसरं उत्तर येतं, "कांदा उष्णता ओढून घेते." इथे मात्र गप्प बसवत नाही. ओढून घेतो? बरं, किती घेतो, ते मोजून पाहू.

कांद्यात बहुतेक पाणीच असतं, वजनाच्या जवळजवळ नऊदशांश. 100 ग्रॅमचा कांदा एक अंशाने तापायला 400 ज्यूलच्या आसपास उष्णता लागते. आता उदार होऊ आणि समजू की कांदा माठाशेजारून उचलला, तेव्हा 27 अंशांवर होता. (मे महिन्यात नागपूरच्या घरात 27 अंशांवर काहीही नसतं, पण असो.) खिशात तो 37 अंशांपर्यंत, म्हणजे आपल्या अंगाइतका तापला आणि सगळी उष्णता त्याने अंगातूनच घेतली, बाहेरच्या हवेतून नाही, असंही मानू. हिशेब होतो 4,000 ज्यूल. माणूस नुसता बसून राहिला तरी त्याचं शरीर दर सेकंदाला 100 ज्यूलच्या घरात उष्णता तयार करतं. म्हणजे कांद्याने शरीराला सोबत केली चाळीस सेकंद. घरातून निघालेला माणूस कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत पोचायच्या आत कांद्याचं काम संपलं. त्यानंतर बाहेरची हवा 45 अंशांची, तेव्हा कांदा 37 वरून वर चढू लागतो, आणि मग तो उष्णता ओढत नाही, खिशातून अंगाला देतो.

आता हेच काम घाम कसा करतो ते पाहा. एक ग्रॅम घाम अंगावरून उडून जाताना 2,400 ज्यूल उष्णता सोबत नेतो. कांद्याची आयुष्यभराची कमाई म्हणजे दोन ग्रॅमपेक्षा कमी घाम, चहाचा अर्धा चमचाही नाही. उन्हात काम करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. तो सगळा उडाला, तर त्याची बरोबरी करायला 600 कांदे लागतील. 60 किलो झाले. तेही दर तासाला नवे.

"पण कांद्यातलं पाणी उडून गारवा देत असेल ना?" हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता, आणि मोठ्यांच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा तो चांगला आहे. उत्तर मात्र नाही असंच आहे. कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो तो कशामुळे? त्याचे कोरडे पापुद्रे आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाहीत म्हणून. माठ गार होतो कारण तो पाझरतो. कांदा पाझरत नाही. पाणी न सोडण्यात ज्या भाजीचा हातखंडा, तिलाच आपण गारव्यासाठी निवडलं.

उडून जाणाऱ्या पाण्याची ही ताकद अडीचशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये पडताळून पाहिली गेली. 1774 साली चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचा डॉक्टर काही मित्रांना घेऊन तापवलेल्या खोलीत शिरला. पुढे पुढे ते तापमान 260 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या मापात सुमारे 127 अंशांपर्यंत नेलं गेलं. त्याच खोलीत अंडी उकडल्यासारखी घट्ट झाली, मांसाचा तुकडा शिजून निघाला, आणि ब्लॅग्डेन काही मिनिटांनी चालत बाहेर आला. मला त्यातला सर्वांत आवडणारा भाग वेगळा आहे. त्याने खोलीत पाण्याची भांडी ठेवली होती. साधं पाणी काही उकळेना, कारण पृष्ठभागावरून ते उडत होतं आणि उडता उडता गार राहत होतं. मग दुसऱ्या भांड्यात तेलाचे थेंब सोडले. तेलाचा तवंग पसरला, उडणं थांबलं, आणि ते पाणी खळखळून उकळलं. हे सगळं 1775 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं आहे. हवा कोरडी होती, वेळ थोडा होता, म्हणून माणूस वाचला. घरी करून पाहू नये.

आता आजोबांकडे येऊ. आजोबांना खरंच ऊन लागलं नसेल, त्यावर माझा विश्वास आहे. पण आजोबा भल्या पहाटे वावरात जात, अकराच्या आत बांधावरच्या झाडाखाली येत, डोक्याला शेला, अंगात ढगळ पांढरं सुती, दुपारी ताक नाहीतर मिठाची आंबील, आणि उन्हं कलल्यावर पुन्हा कामाला. कांदा त्यांच्या भाकरीसोबत होता, बुक्कीने फोडून मिठाशी खाल्लेला. या सगळ्यातून नातवाने उचललं काय, तर फक्त कांदा. शेला नको, कारण केस बिघडतात. अकराला सावलीत यायचं नाही, कारण डिलिव्हरी द्यायची आहे. जेवणात कांदा जरूर खावा, चांगलाच असतो. पण तो खाल्ल्याने किंवा बाळगल्याने उष्माघात टळतो, याला आधार नाही. तळपायाला कांद्याचा रस चोळतात, हरभऱ्याचा वाळलेला पाला भिजवून अंगाला लावतात, त्यात गुण आहे तो ओलेपणाचा. नुसतं नळाचं पाणी तेच काम करतं, आणि त्याला वासही येत नाही.

"ठेवला खिशात, नुकसान काय?" असंही विचारतात. नुकसान कांद्याचं नाही, भरवशाचं आहे. कांदा आहे म्हणून पाण्याची बाटली घरी राहते.

याच भरवशाचा दुसरा प्रकार म्हणजे "आपण नागपूरचे, आपल्याला काय ऊन लागते". यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त धोकादायक. शरीर उन्हाला सरावतं. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं, तर आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, रक्तातला द्रव वाढतो. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींत नवे मजूर उष्माघाताने मरत, तेव्हा त्यांना टप्प्याटप्प्याने सरावायची पद्धत तिथे रुजली. पण हा सराव जन्मदाखल्यावरून मिळत नाही आणि सुटला की काही आठवड्यांत जातो. धरमपेठेत जन्मलेला, पण अकरा महिने एसीत बसलेला माणूस या बाबतीत नागपूरकर नव्हेच. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेने नोंदवलंय की उष्णतेने दगावणाऱ्या कामगारांपैकी निम्म्याहून जास्त कामाच्या पहिल्या काही दिवसांतच दगावतात. मे महिन्यात बाहेरगावाहून साइटवर आलेल्या नव्या पोराला पहिल्याच दिवशी स्लॅबवर चढवणाऱ्या ठेकेदाराने हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि सरावालाही मर्यादा आहे. ती नुसत्या तापमानात सांगता येत नाही. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले आणि 14 जण दगावले. त्या दिवशीचा पारा 38च्या आसपास होता. आपल्याकडे 38 म्हणजे "आज बरंय" म्हणायचा दिवस. फरक पडतो तो हवेतल्या ओलाव्याने. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं, ते पाहायला हवं, कारण आपलं घामेजलेलं अंग म्हणजे तेच ओलं फडकं. हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के, ही आपली मेची दुपार: ओल्या फडक्याचं तापमान साधारण 24. हवा 36 अंश आणि आर्द्रता 75 टक्के, ही पावसाआधीची कोंदट दुपार: तेच तापमान 32. पारा नऊ अंशांनी खाली, तरी घामाला वाट नाही.

शेरवूड आणि ह्यूबर या संशोधकांनी 2010 मध्ये ओल्या फडक्याच्या 35 अंशांना माणसाची कमाल मर्यादा म्हटलं होतं. मग पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट माणसांना प्रत्यक्ष तापवलेल्या खोलीत ठेवून पाहिलं. 2022 मध्ये निष्कर्ष आला की दमट हवेत शरीराचा तोल 31च्या आसपासच सुटू लागतो. कोरड्या, तापलेल्या हवेत तर ती रेषा आणखी खाली, 25 ते 28 दरम्यान. कारण तिथे हवा लागेल तेवढा घाम उडवायला तयार असते, पण शरीराला तेवढा घाम काढता येत नाही. आपली मेची दुपार 24 वर उभी आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे "आपल्याला काय होते" म्हणायची घाई होणार नाही. आणि ही धडधाकट तरुणांची गोष्ट झाली. म्हातारी माणसं आणि लहान मुलं त्याआधीच अडचणीत येतात.

कूलरचं शास्त्रही हेच. जूनमध्ये दोन सरी पडल्या की "कूलर बिघडला, मोटर पाहा" म्हणून मिस्त्रीला बोलावतात. मोटर ठीक असते. हवेतच पाणी भरलेलं, तर वूडवूलवरचं पाणी उडून जाईल कुठे? आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून कूलर लावून दारं-खिडक्या बंद करणाऱ्यांनी खोलीचं न्हाणीघर केलेलं असतं. कूलरला समोरची खिडकी उघडी लागते. एसीला बंद लागते. दोघांची अदलाबदल करू नये.

पंख्याबद्दल एक ओळ: जागतिक आरोग्य संघटना म्हणते की हवा 40 अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा तापवतोच. अंग किंवा कपडे ओले असतील तर गोष्ट वेगळी.

आता उन्हाच्या फुशारकीचं. 30 मे 2024 ला मोबाइलवर फिरलेला नागपूरचा 56 अंशांचा आकडा अजूनही लोक छाती फुगवून सांगतात. तो रामदासपेठेतल्या एका स्वयंचलित केंद्राचा होता. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. त्याच दिवशी नागपूरची नीट चालणारी केंद्रं 44च्या आसपास दाखवत होती. तो आकडा खरा असता, तर आपण 1913 साली कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत नोंदलेल्या 56.7 या जागतिक विक्रमाच्या शेजारी जाऊन बसलो असतो. नागपूरचा नोंदलेला उच्चांक 23 मे 2013 चा आहे, 47.9 अंश. कारच्या डॅशबोर्डवरचा आकडा तर मोजूच नका, तो रस्त्याच्या डांबराचा आणि बॉनेटचा. हवेचं तापमान सावलीत, जाळीदार लाकडी पेटीत मोजतात.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो, हे साफ खोटं. जवळ येतो तो जानेवारीच्या सुरुवातीला. मेअखेर तो लांब जात असतो आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, सुमारे 15 कोटी 20 लाख किलोमीटरवर असतो. नवतपा तापतो कारण 26 मेच्या सुमारास सूर्य नागपूरच्या नेमका डोक्यावर येतो आणि पाऊस अजून पोचलेला नसतो. त्या दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. काठी घेऊन बघा, पण डोक्याला दुपट्टा बांधून.

उन्हातून आल्या आल्या गार पाणी प्यायलं की माणूस जागीच जातो, हा व्हॉट्सॲपचा आवडता निरोप. धडधाकट माणसाला गार पाण्याने असं काही होत नाही. खेळाडूंना शरीर गार ठेवायला बर्फाचा चुराही देतात.

आणि शेवटची समजूत, जिच्यात वेळ जातो आणि माणूसही जातो. ऊन लागलेल्याला तापाची गोळी देतात. पॅरासिटामॉल तापावर चालतं कारण तापात मेंदूनेच शरीराचा काटा वर सरकवलेला असतो, गोळी तो खाली आणते. उष्माघातात काटा जागेवरच असतो, शरीर तापून त्याच्या पलीकडे गेलेलं असतं. गोळीला करण्यासारखं काही उरत नाही. घाम सुटलेला आहे म्हणजे उष्माघात नाही, हेही खरं नाही. मेहनत करताना कोसळलेला माणूस घामाने चिंब असू शकतो. खूण बघायची ती बोलण्यात. बरळणं, ओळख न पटणं, झोक जाणं आणि अंग भाजल्यासारखं गरम. असं दिसलं की 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, सापडेल त्या पाण्याने अंग भिजवत राहा आणि वारा घाला, टाकी असेल तर मान धरून आत बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, कांदा हुंगवत वेळ काढू नका. आधी गार करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. डॉक्टरांचा क्रमही हाच आहे.